एक्केचाळीस माझे नव्हेत

तो घास तोंडात घालायच्या आधी जरा थांबा. बोलतोय तो मी, धान. तुमच्या ताटातला नव्हे, तिथवर मी अजून पोचलोच नाही. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे एक छोटं गाव आहे. तिथल्या जमुनाबाईंच्या घरात, आतल्या खोलीतल्या ढोलीत मी बसलोय. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली मोठी कणगी. अंधार आहे, ऊब आहे, उंदरांचा थोडा जाच आहे, पण तक्रार नाही. धानाच्या जातीला वाट पाहायची सवयच असते.

नाव विचाराल तर पंचाईत आहे. कागदावर मी 'सत्तावन्न' आहे. नुसता आकडा. माणसाच्या पोराचं बारसं बाराव्या दिवशी होतं, आमचं व्हायला दहा-दहा वर्षं जातात, तेही पास झालो तर. पण म्हणून मी काही खाली मान घालून बसणारा नाही. मला माझी किंमत ठाऊक आहे. थोडा गर्विष्ठ आहे म्हणा ना. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही बोट दाखवायला नको.

आणि मी एकटा नाही बरं. या ढोलीत लाखो दाणे आहेत, आणि ते सगळे मीच. वाणाचं असंच असतं. एक दाणा पेरला, एक कांडला, एक उंदरानं पळवला, तरी मी आहेच.

माझी आई तांबसाळ. लाल टरफलाचा, उंच वाढणारा जुना धान. शालीकराम कोहळी म्हणजे जमुनाबाईंचे मालक. त्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या होती. कोहळी समाजानं या मुलखात तलाव बांधले, पाट काढले, आणि त्या पाण्यावर धान पिकवला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शालीकरामांच्या आईनं तांबसाळ जिवापाड जपली. बाळंतीण असो की तापातून उठलेलं माणूस, म्हातारी त्याला तांबसाळीचा मऊ भात आणि पेज द्यायची. का द्यायची, ते तिला सांगता आलं नसतं. तिच्या सासूनं दिला म्हणून ती देत होती.

पण आईत एक खोट होती. वारा सुटला की ती लोळायची. पीक निम्मं यायचं. गावातल्या सगळ्यांनी तिला सोडून दिलं. शालीकरामांनी मात्र तलावाखालच्या एका चिमूटभर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, तिला ठेवलं. बायको म्हणायची, "कायले ठेवता जी? ना इकता येत, ना पोट भरत." ते म्हणायचे, "माय गेली, तिचा धान तरी राहू दे." संपलं बोलणं.

मग पुष्पांजली आली. ही सौंदडची पोरगी. भात संशोधन केंद्रात नवे वाण तयार करण्याचं काम करते. त्याआधी तिनं वर्षभर गावोगावच्या अंगणवाड्यांत पोरांची वजनं आणि उंच्या मोजल्या होत्या. पोरं दोन वेळा भात खात होती, पोट टम्म भरत होती, तरी वयाच्या मानानं खुजी राहत होती. जखम झाली की चिघळायची, हगवण लागली की आठवडा जायचा. कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक असं की पांढऱ्या, घासून चकचकीत केलेल्या तांदळात जस्त फार कमी असतं. एका किलोत बारा-पंधरा मिलिग्रॅम. शरीराला जस्त लागतं चिमटीएवढं, पण लागतंच. आता जिथे माणसं सकाळ-संध्याकाळ भातच खातात, तिथे भातातूनच ते दिलं तर? एवढा साधा विचार होता तिचा. साधे विचार करायलाच जन्म जातो.

तिनं जिल्ह्यातले जुने धान गोळा करायला सुरुवात केली. शालीकरामांच्या बांधीतून मूठभर तांबसाळ नेली, केंद्रात मोजली. एकतीस! घासून पांढरी केल्यावरही एकतीस. म्हातारी काही उगाच बाळंतिणीला तांबसाळ देत नव्हती.

मग माझ्या आईचं लग्न ठरलं. नवरदेव बुटका, ताठ, बारीक दाण्याचा, बाजारात मान असलेला. जस्ताच्या बाबतीत भिकारी, पण कणसानं लगडणारा. आमच्यात लग्न लावणं फार नाजूक काम असतं. धानाच्या एका फुलात सहा पुंकेसर असतात, आणि फूल स्वतःचं स्वतःच फळतं. पुष्पांजलीनं चिमट्यानं आईच्या एकेका फुलातले सहाच्या सहा पुंकेसर काढले, वरून कागदी पिशवी घातली. दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला, बापाची फुलं उमलली तेव्हा, त्याचं कणीस आईवर हळूच झटकलं. मान मोडून आली त्या पोरीची. एवढ्या खटाटोपातून दाणे भरले एकोणीस.

पुढच्या पिढीत आमची खरी जत्रा भरली. चौदाशे भावंडं आणि दोघांचा चेहरा एकसारखा नाही. कुणी लंबू, कुणी ठेंगू, कुणी लाल, कुणी पांढरं, कुणी नुसतंच पोचट. पूर्वी असं असे की सगळ्यांना पिकू द्यायचं, मग निवडायचं, आणि तरी पोटात काय दडलंय ते कळायचं नाही. पुष्पांजलीनं काय केलं, आम्ही वीतभर होतो तेव्हाच प्रत्येकाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतला आणि त्यातली जनुकं वाचली. धानाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. आईचा जस्ताचा गुण त्यावर कुठे बसलाय आणि बापाचा बुटकेपणा कुठे, याच्या खुणा तिला माहीत होत्या. दोन्ही खुणा ज्यांच्यात सापडल्या, ती एकसष्ट रोपं ठेवली. बाकीची बैलांपुढे गेली.

भावंडांचं वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतरच्या पिढ्यांत तर आमचा अख्खा जीनोम, म्हणजे जनुकांची सगळी पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली गेली. संगणकानं हिशोब मांडला की कोण पडणार नाही, कोण जास्त पिकेल, कोणात जस्त टिकेल. एकसष्टाचे वीस झाले, विसाचे आठ. त्या आठांत मी होतो, सत्तावन्न. केंद्राच्या शेतात दोन वर्षं मला मोजलं. एकदा पंचवीस, एकदा सव्वीस. आईएवढं नाही, पण बापाच्या जवळजवळ दुप्पट. आणि वाऱ्यात उभा राहतो मी, ताठ. सांगितलं ना, गर्विष्ठ आहे.

आता शेवटची परीक्षा होती. केंद्राच्या लाडात वाढलेलं पोर शेतकऱ्याच्या बांधीत टिकतं का? अट अशी की शेतकऱ्याच्या शेतात पिकलेल्या, घासलेल्या तांदळात किलोला किमान चोवीस मिलिग्रॅम जस्त भरलं पाहिजे. भरलं तर पुढे अनेक गावांत जायचं, आणि मग कधीतरी नाव मिळायचं. नाही भरलं तर फाईल बंद.

पुष्पांजलीनं मला शालीकरामांकडेच आणलं. आईच्या माहेरी. त्यांनी पिशवीतला एक दाणा दातानं फोडला आणि विचारलं, "हा बीटीवाला त नोहोय ना?"

"नाही काकाजी. बाहेरून काही घातलं नाही यात. तुमच्याच तांबसाळीचं लग्न लावलं, आणि पोरांतून चांगलं पोर निवडलं."

"मंग नातूच झाला आमचा," शालीकराम म्हणाले. त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले.

उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा त्यांनी बैलबंडीनं गाळ आणून माझ्या बांधीत टाकला होता. जमुनाबाईंनी स्वतः बायांना घेऊन रोवणी, म्हणजे लावणी, केली. एरवी बाया रोवणीत उरलेले पऱ्हे, म्हणजे रोपं, जिथे जागा दिसेल तिथे खुपसतात, पण माझ्या बांधीत दुसऱ्याचा एक पऱ्हा येऊ दिला नाही त्या बाईनं. दिवाळीनंतर मी कापला गेलो. भरभरून पिकलो होतो. जमुनाबाईंनी बराचसा धान बियाण्यासाठी ढोलीत भरला, थोडा घरी खायला ठेवला. घरात त्यांची नात चंदा होती. पाच वर्षांची, दिसायची तीनची. गुडघ्यावरची जखम महिना महिना ओली राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरनं जस्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या खाऊन पोरगी थोडी सावरली, आणि जमुनाबाईंच्या मनात जस्त या शब्दानं घर केलं. नातीसाठी रोज माझाच भात शिजू लागला.

आता माझ्या आयुष्यातला तो प्रसंग.

पुष्पांजलीनं शालीकरामांना सांगितलं होतं, "काकाजी, मशीनवर मोजायला दोन किलो तांदूळ लागेल. तुम्ही घरी कांडून खाता तसाच द्या, घासायचं काम आम्ही केंद्रात करू. पण लोखंडाला, टिनाला, कुठल्याच धातूला लागू देऊ नका. कापडी पिशवीत भरा."

शालीकराम घरी आले आणि बायकोला म्हणाले, "लोखंडाले लावू नको म्हनते." पुढचं सगळं वाटेत सांडलं. नवऱ्यांचे निरोप बहुतेक असेच घरी पोचतात.

जमुनाबाईंनी तो निरोप अक्षरशः पाळला. त्यांच्या मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं होतं, म्हणून शेजारणीचं बिनकड्याचं जुनं मुसळ मागून आणलं. लाकडी उखळात तीन किलो धान कांडला, पाखडला, निसला. आणि मग सुपातल्या तांदळाकडे बघून त्यांचं तोंड पडलं. हातकांडीचा तांदूळ, थोडा पिवळट, थोडा मळकट. गोंदियाच्या बाजारात व्यापारी तांदूळ तळहातावर घेतो, उन्हाकडे धरतो, पांढरा किती आणि अख्खा किती ते पाहतो, आणि तेवढ्यावर धानाची लायकी ठरवतो. जन्मभर हेच पाहिलेल्या बाईला वाटलं की केंद्रातली मशीनही असंच पाहत असेल.

"पोरीले पाहाले पाहुने येते, तं तोंड धुऊनच बसवते ना," त्या शेजारणीला म्हणाल्या.

आणि त्यांनी मला धुतलं. नुसतं धुतलं नाही, पांढरं यावं म्हणून पाण्यात दोन लिंबं पिळली आणि सकाळपासून दुपारपर्यंत भिजत ठेवलं. कशात? तर नव्या टपात. टप लोखंडी नाही असं त्यांनी नीट पाहून घेतलं होतं. चांदीसारखा चमकत होता. जस्ती पत्र्याचा टप.

मला पाण्याची चव वेगळी लागली. आंबट, आणि त्याखाली काहीतरी कडवट, धातूचं. पण धानाला विचारतं कोण? दुपारी मला सावलीत धोतरावर वाळवलं, कापडी पिशवीत भरलं आणि पाठवून दिलं. फार सुंदर दिसत होतो मी.

पंधरा दिवसांनी पुष्पांजली स्कूटीवर आली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि चेहरा असा की दारातच कळलं.

"काकी, एक्केचाळीस आले! सरांचा विश्वास बसेना. त्यांनी परत मोजायला लावलं. परत एक्केचाळीस. पहिला नंबर आहे आपला."

तोच तांदूळ परत मोजला, तर तेच येणार ना. पण आनंदात एवढं सुचत नाही कुणाला. आणि एक कारण शालीकरामांनी हातात ठेवलंच. ते खाटेवरून उठले, छाती पुढे काढून म्हणाले, "हे त तलावाचं होय. आमच्या बुढ्यानं बांधला तो तलाव. त्याच्या गाळात काय काय हाय, तुमच्या मशीनीले आता समजलं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तलावाच्या गाळात जस्त आहे. ज्यांनी दहा वर्षांत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कुदळ मारली नव्हती, तेही तलावाचे वारस झाले. केंद्रातले मोठे शास्त्रज्ञ देवानंद सर, म्हणजे पुष्पांजलीचे साहेब, त्यांनाही ते पटू लागलं. गाळाची माती, शक्य आहे, असं ते म्हणाले. शोधनिबंध लिहू या म्हणाले. गाळात जस्त असेलही, पण एवढं? चांगली शहाणी माणसं होती, पण आकडा आवडला की माणूस त्याला कारण शोधून देतो.

माझं काय? आधी मीही फुगलो, खरं सांगतो. पण फुगणं दोन दिवसांचं. मला माझी किंमत ठाऊक आहे असं म्हणणाऱ्याला दुसऱ्याची किंमत अंगावर घालून कसं मिरवता येईल? मला आतून माहीत होतं, एक्केचाळीस माझे नव्हेत. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ओरडायला तोंड लागतं, आणि माझ्या वतीनं बोलू शकेल असं जगात एकच तोंड होतं.

त्या तोंडानं पेढे आले त्याच दिवशी पुष्पांजलीला विचारलं होतं, "जस्त म्हंजे दिसते कसं, बाई?"

"अहो काकी, तुमच्या घरी असेल की. टपाला, बादलीला, छपराच्या पत्र्याला वरून जो चकचकीत लेप असतो ना, तो जस्ताचाच."

जमुनाबाईंचा पेढ्याचा हात तोंडाशीच थांबला. मग त्यांनी पेढा चंदाच्या हातात दिला आणि चुलीकडे गेल्या. पुष्पांजली खुशीत निघून गेली. तिच्या पाठीमागे जमुनाबाई कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शालीकराम म्हणाले, "काऊन जेवून नाही राहिली? बिमार हायेस का?"

मग त्यांनी सांगितलं. लिंबं, टप, सगळं. शालीकरामांनी आधी दार लोटून घेतलं. मग चिडले.

"चूप राह्य. कोनाले सांगू नको. गाव काय म्हनन? आन् त्या पोरीचं काम होऊन राहिलं, तिच्या कामात कायले माती कालवतेस?"

"आपली चंदा रोज तोच भात खाऊन राहिली," जमुनाबाई म्हणाल्या. "मले वाटते आता पोरगी निभली. आन् तो आकडा टपाचा असन तं? पोरीच्या पोटात टप जाते का धान जाते? मले खरं माहीत पायजे जी. बाकी गावाचं गाव पाहीन."

"धानात नसन जस्त, तं मंग?"

"नसन तं नसन. मंग गोळ्या हायेत, अंडे हायेत, डाळ हाय. पन मी खोट्यावर पोरगी नाही पोसत."

शालीकरामांनी दार उघडलं. रागानं बाहेर जाऊन बसले. मला ढोलीत सगळं ऐकू येत होतं, आणि त्या बाईचा इतका अभिमान वाटला की टरफल फुटेल असं झालं.

तिनं ढोलीच्या खालच्या तोंडातून पायलीभर धान काढला. न धुतलेला, न कांडलेला, जसा खळ्यावरून आला तसा मी. कापडात बांधला. मग तो जस्ती टप डोक्यावर घेतला आणि बस थांब्याकडे निघाली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, टप घेऊन कुठे? लग्नाला का?" ती म्हणाली, "मोजाले." तेवढ्यात शालीकराम घामाघूम होऊन बसमध्ये चढले आणि तिच्या शेजारी बसले. सडक अर्जुनीत बस बदलताना टप त्यांनीच उचलला.

केंद्रात देवानंद सरांच्या टेबलापाशी पुष्पांजली कागद लावत बसली होती. दुसऱ्याच दिवशी मोठी बैठक होती आणि पुढे पाठवायच्या वाणांच्या यादीत मी सगळ्यात वर होतो. जमुनाबाईंनी टेबलावरचे कागद हातानं बाजूला सारले आणि तिथे टप ठेवला.

"बाई, चूक माझी हाय. तुमचा तांदूळ मीनं याच्यात भिजवला होता. लिंबू पिळून. पांढरा दिसन म्हणून."

पुष्पांजली टपाकडे बघत राहिली. तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण आंबटात जस्त विरघळतं, हेच तर तिचं शिक्षण. ती खाली बसली. डोळे भरून आले तिचे, पण रागावली नाही. नऊ वर्षं, माझ्या आईच्या लग्नापासूनची नऊ वर्षं तिच्यासमोर त्या टपात पडली होती.

देवानंद सर टपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "हे बघ पुष्पांजली. केंद्रात याचे पंचवीस-सव्वीस आहेत, पण ती आपली जमीन. शेतकऱ्याच्या बांधीत पाणी साचून राहतं, तिथे मुळांना जस्त कमी मिळतं. आकडा खाली येणारच. वीसही येईल. चोवीसच्या खाली आला तर उद्या याचं नाव यादीतून काढावं लागेल. पुन्हा संधी नाही. मोजायचं?"

ते जबरदस्ती करत नव्हते. तिला विचारत होते. आणि जमुनाबाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू नातीचा रिपोर्ट हिच्याच हातात आहे.

पुष्पांजलीनं नाक पुसलं आणि कापडाची गाठ सोडली. "मोजू या, सर."

छोट्या मशीनवर माझं टरफल काढलं. घासून पांढरं केलं. स्वच्छ कापडावर ओतलं, प्लास्टिकच्या तीन वाट्यांत भरलं. एकेक वाटी त्या डब्याएवढ्या यंत्रात ठेवायची, झाकण लावायचं, आणि काही मिनिटं थांबायचं. आत किरण माझ्या अंगातून जात होते. मी एवढा आखडू, एवढा खात्रीचा, पण त्या वेळी धास्तावलो. जे आहे ते आहे, हे माहीत होतं. पण जे आहे ते पुरेल का, हे मलाही माहीत नव्हतं.

पहिली वाटी. तेवीस पूर्णांक सात.

 शालीकरामांनी टोपी काढून हातात घेतली. ती बाई, जिला आकड्यांतलं काही कळत नाही, तिनं पुष्पांजलीच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि तिचा हात धरला.

दुसरी वाटी. चोवीस पूर्णांक सहा.

तिसरी. चोवीस पूर्णांक नऊ.

पुष्पांजलीनं कागदावर बेरीज केली, भागली, पुन्हा केली. "सरासरी चोवीस पूर्णांक चार."

"बसला," देवानंद सर म्हणाले. "काठावर बसला, पण बसला." त्यांनी स्वतः पेन घेतलं, यादीतले एक्केचाळीस खोडले आणि चोवीस पूर्णांक चार लिहिले. मी पहिल्या नंबरावरून पाचव्यावर आलो. यादीत होतेच पाच.

"म्हंजे काय झालं?" जमुनाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पास झाला, काकी. वरचे सोळा-सतरा टपाचे होते. चोवीस याचे स्वतःचे आहेत. चंदाच्या पोटात धानच जातोय."

जमुनाबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "टप वापस द्या. धुनं धुवाले कामी येते."

पुष्पांजली त्यांना बसपर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं बजावलं, नुसत्या माझ्या भातावर पोरगी सोडू नका. डाळ द्या, अंडं द्या, गोळ्या डॉक्टर म्हणेल तोवर चालू ठेवा. मला राग आला नाही. खरंच आहे ते. मी औषध नाही. मी रोजच्या घासातला थोडा जास्त चांगला घास आहे, आणि रोजचा आहे म्हणून मोठा आहे.

गावात सांगायचं काम शालीकरामांवर आलं. तलावाच्या पाळीवर माणसं बसली होती, तिथे जाऊन त्यांनी सांगून टाकलं, "एक्केचाळीस नोहोय. चोवीस हायेत. आन् गाळाची फुशारकीही मागं घेतो मी." माणसं हसली. दोघंतिघं अजून हसतात. शालीकराम मान खाली घालत नाहीत. खरं बोलून खाली मान घालायची, हा कोणत्या गावचा रीतरिवाज?

आता मे महिना सरत आलाय. उद्या ही ढोली उघडतील. या खरिपात मी सहा तालुक्यांतल्या चोवीस शेतांत जाणार आहे, आणि जमुनाबाई रोवणीच्या बायांना माझी ओळख करून द्यायला स्वतः फिरणार आहेत. कालच शेजारची दुर्गेश्वरी बियाणं मागायला आली होती. तिनं विचारलं, "काकी, एक्केचाळीसवाला तोच ना हा?"

खोटा आकडा खऱ्यापेक्षा लवकर चालतो. पण जमुनाबाईंनी ज्यात मला पाखडत होत्या ते सूप खाली ठेवलं, तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "एक्केचाळीस टपाचे होते. याचे चोवीस. पायजे तं नेजो, नाही तं राहू दे."

दुर्गेश्वरीनं थोडा विचार केला. तिच्या कडेवर लेक होती, शेंबूड ओढत माझ्याकडे बघत होती.

"नेतो ना, काकी," ती म्हणाली, आणि तिनं पदर पसरला.

तर आता निघतो. कधीतरी तुमच्या ताटात येईन, तेव्हा मला फार घासू नका, फार पांढरा करू नका, आणि माझ्याबद्दल जेवढं आहे तेवढंच पोरांना सांगा. मी तेवढ्यावरच पेरला जाणार आहे.